बोटीआधी पाणी मोजा!

जव्हार-मोखाड्यातल्या आमच्या वयाच्या पोरांच्या गप्पांत हल्ली एक आयडिया हमखास निघते. चार जणांनी पैसे काढायचे, मालवण-अलिबागकडून वापरलेली स्पीडबोट उचलायची आणि इथल्या धरणाच्या पाण्यात पर्यटकांना फिरवायचं. आयडिया हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दिवाळी झाली की इथल्या पाड्यांवरची घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्टीवर, वसई-भिवंडीकडे कामाला निघतात. गावातच चार पैसे मिळणार असतील तर कोणाला नको आहेत?

माझा आक्षेप त्यापुढच्या वाक्याला आहे. ‘घ्यायचीच आहे तर मोठी घेऊ ना! चोवीस फुटी, दीडशे-दोनशे एचपीची. रील पण भारी होईल.’ इथेच गणित चुकतं. जव्हार-मोखाड्याच्या पाण्याला सोळा फुटांच्या आसपासची, चाळीसेक एचपीची बोट पुरे. त्याहून मोठी घेतली तर बोट तरंगेल, पण धंदा बुडेल. आणि कधीकधी धंद्यासोबत माणसंही.

आपलं पाणी म्हणजे समुद्र नव्हे

आपल्याकडची धरणं डोंगराच्या घळीत बसलेली आहेत. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणाच बघा. १०२.४ मीटर उंचीची भिंत आणि तिच्यामागे डोंगरांच्या मधून वळत गेलेलं लांबट पाणी. असं पाणी लांबीला भरपूर दिसतं, पण रुंदीला बेताचं असतं.

आता साधा हिशोब करा. मोठी स्पीडबोट सहज ताशी ५५ किलोमीटर पळते, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पाणी ३०० मीटर रुंद असेल तर या काठावरून त्या काठावर पोचायला २० सेकंद लागतात. थरार सुरू व्हायच्या आधीच वळण घ्यावं लागणार. आणि बोटीला ब्रेक नसतो हे विसरू नका. थ्रॉटल सोडला तरी ती बरंच अंतर पुढे जात राहते.

दुसरी गोष्ट पातळीची. सप्टेंबरात काठोकाठ दिसणारं पाणी मे महिन्यापर्यंत कित्येक मीटर खाली जातं. ऑक्टोबरात जिथून बोट सुसाट गेली, तिथेच मार्चमध्ये बुडालेल्या झाडाचा बुंधा किंवा जुन्या बांधाचे दगड पाण्याखाली हातभर अंतरावर असतात. आउटबोर्ड इंजिनचा पंखा बोटीच्या तळाच्याही खाली असतो, त्यामुळे पहिला दणका त्यालाच बसतो.

शिवाय काठ स्वतःच मागे सरकतो. पक्की जेट्टी नसते, चिखल असतो. सोळा फुटी हलकी बोट सात-आठ जण मिळून ओढू शकतात. चोवीस फुटी बोट इंजिनसकट दीड-दोन टनांची भरते. ती चिखलात रुतली तर ट्रॅक्टर कुठून आणणार? आणि त्याआधी ती इथवर आणायची कशी? जव्हारला कुठूनही या, घाट आहेच. ट्रेलरवर दोन टन घेऊन ती वळणं एकदा नजरेसमोर आणा.

समुद्रातून निवृत्त, तलावात भरती

किनाऱ्यावरून येणाऱ्या बोटींचा तळ बहुतेक वेळा खोल ‘व्ही’ आकाराचा असतो. लाटा कापायला तो उत्तम. पण बोट पाण्यावर उचलली जाऊन पळायला त्याला जास्त ताकद लागते. आपल्या शांत पाण्यात कापायला लाटाच नाहीत, त्यामुळे ते जादा पेट्रोल फुकट जातं. इथे उथळ ‘व्ही’ तळाची बोट कमी एचपीत लवकर उचलते आणि उभी असताना डुलतेही कमी. चढ-उतार करणाऱ्या आजी-आजोबांना ते महत्त्वाचं असतं.

आणखी एक गंमत. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. म्हणून समुद्रात तरंगणारी तीच बोट, तेवढ्याच वजनासह, आपल्याकडे थोडी जास्त खाली बसते. ‘तिकडे बारा जण बसायचे’ हे विकणाऱ्याचं वाक्य इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

बोट बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. जिच्यावर इंजिन बसतं ती मागची फळी ठोकून बघा. फायबरच्या आत बऱ्याचदा लाकूड असतं आणि ते कुजलं असेल तर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो. इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला लावा. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकड्यांत मोठा फरक असेल तर नमस्कार करून परत या. खाऱ्या पाण्याने इंजिनच्या आतले थंड पाण्याचे मार्ग खाल्लेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. म्हणून पूर्ण वजन भरून, पाण्यात, किमान अर्धा तास चालवल्याशिवाय टोकनचे पैसेही देऊ नका.

पेट्रोलचा मीटर

ढोबळ अंदाज असा की फुल थ्रॉटलला ४० एचपीचं इंजिन तासाला १५ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. १५० एचपीचं ५५ लिटरच्या पुढे जातं. लिटरमागे शंभर रुपये धरले तरी एका तासाला दीड हजार विरुद्ध साडेपाच हजार!

आता आपला सीझन बघा. जव्हारला गर्दी होते ती पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. नेमकं तेव्हा पाणी गढूळ, वारा बेभरवशाचा आणि बोट काठावर. मग उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे शनिवार-रविवार, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवस. एवढ्या दिवसांत मोठ्या बोटीचं पेट्रोल, इन्शुरन्स, मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता काढायचा, तर तिकीट इतकं ठेवावं लागेल की शाळेची सहल लांबूनच फोटो काढून जाईल. किंवा मग बोटीत माणसं कोंबावी लागतील. खरी भीती या दुसऱ्या पर्यायाची आहे.

‘मोठी म्हणजे सेफ’?

यावर मित्र म्हणतात, मोठी बोट वाऱ्यात स्थिर राहते. खरं आहे. पाणी मैलोन् मैल मोकळं असेल तर लांब बोट हवीच. २१ मे २०२४ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. पण त्यातून शिकायचं ते हे की वारा सुटला तर बोट काढायचीच नाही. लांबी वाढवली म्हणून वादळात जायचा परवाना मिळत नाही.

दुसरीकडे, अपघातांच्या बातम्या वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: क्षमतेपेक्षा जास्त. १३ जानेवारी २०१८ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, चाळीसच्या आसपास विद्यार्थी घेऊन निघालेली बोट उलटली. तीन मुली घरी परतल्या नाहीत. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तो तर शहरातला तलाव होता. पाणी शांत होतं म्हणून कोणी वाचलं नाही.

बोट मोठी घेतली की ‘अजून दोघं बसतील’ हा मोह मोठा होतो. म्हणून क्षमता आधी ठरवा आणि बोटीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. बनवणाऱ्याने लिहिलेला आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर वीस फुटांखालच्या साध्या बोटीसाठी एक ठोकताळा आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. सोळा फूट लांब, सहा फूट रुंद बोट म्हणजे ९६ भागिले १५. उत्तर सहा. म्हणजे पाच पर्यटक आणि एक चालक. तेही शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. सातवा आला तर त्याला पुढच्या फेरीचं तिकीट द्या.

पाणी कोणाचं?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मध्य वैतरणाचं पाणी मुंबईकर पितात, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर. आणि त्याच मोखाड्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपल्याइतकी कोणी जगली नसेल. जव्हार शहराला पाणी देणारं जयसागरही पिण्याचंच आहे. अशा पाण्यात पेट्रोलचं इंजिन फिरवायचा विचारही नको. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तर पाव हिस्सा पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर पडतं आणि पाण्यात मिसळतं. स्वस्त मिळतं म्हणून टू-स्ट्रोक घेऊ नका. फोर-स्ट्रोकच घ्या. पिण्याच्या पाण्यावर काही करायचंच असेल, तर परवानगी काढून वल्ह्यांच्या बोटी नाहीतर कयाक.

मग उरतात पिण्यासाठी न वापरले जाणारे छोटे तलाव आणि बंधारे. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतं. १९९६च्या पेसा कायद्याने अशा भागातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायचं ठरवलंय. म्हणजे पहिली पायरी बोटीच्या जाहिराती बघण्याची नाही, ग्रामसभेत विषय मांडण्याची आहे. तिथे मासेमारी करणाऱ्यांची जाळी कुठे असतात, गुरं कुठे पाण्यावर येतात, बाया कुठे धुणं धुतात, हे गावालाच माहीत असतं. मोठ्या बोटीने उठवलेल्या लाटा नेमक्या त्याच काठांवर आदळणार. त्यानंतर बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रशिक्षित चालक. २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा यासाठीच आहे.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग राहिलं काय? बरंच राहिलं. तलावाची रुंदी पावलांनी नाही, दोरीने मोजा. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये, दोनदा खोली बघा. कुठे दगड आहेत ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी ती जमीन कोरडी असताना पाहिलेली असते. त्या कागदावर जी बोट बसेल ती घ्या. माझ्या अंदाजाने ती सोळा फुटांची निघेल. रीलमध्ये ती जरा लहान दिसेल, पण तिचा हप्ता भरता येईल. आणि दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्यांच्या गाडीत दोन-चार जण तरी कमी असतील.