या आठवड्याचा शब्द : पाठपुरावा

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण ‘सातबारा’ या शब्दाची ओळख करून घेतली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरचा सातबारा काढून बघितला आणि त्यातलं काय कळलं, काय कळलं नाही ते मला कळवलं. शाब्बास!

आजचा शब्द आहे ‘पाठपुरावा’. वर्तमानपत्रात हा शब्द रोज दिसतो, ‘अमक्यांच्या पाठपुराव्याला यश’ असा. पण पाठपुरावा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? एखाद्या गोष्टीची पाठ सोडायची नाही, ती पुरी होईपर्यंत तिच्या मागे राहायचं. सांगायला सोपं आहे, करायला मात्र फार अवघड. किती अवघड, ते मी तुम्हांला एका पिशवीवरून सांगते.

ही पिशवी आमच्या गल्लीतल्या तात्यांची. तात्या म्हणजे निवृत्त पोस्टमन. वय वर्षे ब्याऐंशी. पिशवी साधी, खाकी कापडाची, बंद दोनदा तुटून पुन्हा शिवलेला. तिच्यात काय असेल? कागद! निवेदनाच्या प्रती, अर्ज, पोचपावत्या, वर्तमानपत्रांची कात्रणं. आणि सगळ्या कागदांचा विषय एकच : बीडची रेल्वे.

मुलांनो, आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे केव्हा धावली, हे तुम्हांला पाठ असेल. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. आता सांगा, बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे केव्हा आली? १७ सप्टेंबर २०२५! म्हणजे एकशे बहात्तर वर्षांनी! आपल्या जिल्ह्यात परळी वैजनाथला रेल्वे पूर्वीपासून होती, बरं का. पण बीडच्या माणसाला आगगाडी धरायची तर आधी एस.टी.नं परळी, जालना, नगर नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. (नगरचं नाव आता अहिल्यानगर आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आहे.)

अहमदनगर–बीड–परळी या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. लांबी साधारण २६१ किलोमीटर. लोकांची मागणी तर त्याच्याही कितीतरी आधीची. मंजुरी मिळाली म्हणजे झालं, असं लोकांना वाटलं. पण कागदावरची रेल्वे जमिनीवर यायला बरंच काही लागतं. आधी मोजणी. मग शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची, तिचा मोबदला द्यायचा. मग मातीचे भराव, नद्या-ओढ्यांवर पूल, त्यानंतर खडी आणि रूळ. शेवटी चाचणी घ्यायची, आणि सुरक्षा आयुक्तांनी ‘ठीक आहे’ म्हटलं की मग प्रवासी गाडी. या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो दर वर्षी अर्थसंकल्पात थोडा थोडा मिळतो. पैसा कमी मिळाला की काम रेंगाळतं, काम रेंगाळलं की खर्च वाढतो. सुरुवातीला हा खर्च साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास धरला होता. तो वाढत वाढत चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला! पुढे निम्मा खर्च राज्य सरकारनं उचलायचा ठरवला, तेव्हा कुठं कामाला वेग आला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली आणि तीन वर्षांनी बीडला पोचली.

वर्गात आम्ही या सगळ्याचं गणित केलं. नगर ते बीड १६६ किलोमीटर, आणि १९९५ ते २०२५ म्हणजे तीस वर्षं. वर्षाला किती? साडेपाच किलोमीटर. दिवसाला किती? पंधरा मीटर! मुलं पळत जाऊन शाळेचा व्हरांडा मोजून आली. “बाई, आपला व्हरांडा अठरा मीटर आहे. रेल्वे रोज त्याच्यापेक्षा कमी सरकली!” सगळे हसले. पण मला तात्यांची पिशवी आठवली.

तात्या निवृत्त झाले तेव्हा मारुतीच्या पारावर सातजण बसायचे. कुणी शेतकरी, कुणी शिंपी, एक तलाठी, आणि आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा. सातही जण साठीच्या पुढचे. पारावर बसून सरकारला नावं ठेवणं हा तसा सगळ्यांच्याच आवडीचा उद्योग! एके दिवशी तात्या म्हणाले, “नुसतं बोलून काय व्हायचंय? बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं.” आणि पहिलं निवेदन लिहिलं गेलं.

मग सुरू झाला पाठपुरावा. निवेदन द्यायचं, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. महिन्यानं पुन्हा जायचं, ‘आमच्या अमुक क्रमांकाच्या पत्राचं काय झालं?’ म्हणून विचारायचं. जिल्ह्यात मोर्चा असला, धरणं असलं की भाकरी बांधून घेऊन जायचं. खासदार-आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, भेटायचं. एका कार्यालयात तर (त्याचं नाव कशाला सांगू?) तात्यांना चार वेळा ‘उद्या या’ असं उत्तर मिळालं. पाचव्या वेळी तात्यांनी काय केलं माहीत आहे? भांडले नाहीत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला.

हा अधिकार कसा मिळाला, तेही ऐका. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी नावाचं गाव आहे. तिथल्या अण्णा हजारे यांनी महाराष्ट्रात या कायद्यासाठी मोठं आंदोलन केलं. २००३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर ते उपोषणाला बसले तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. पुढे सगळ्या देशासाठी कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साध्या कागदावर अर्ज करायचा. कार्यालयानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं, तर वर अपील करायचं. तात्यांनी विचारलं होतं, ‘आमच्या भागातल्या जमिनीचा मोबदला किती जणांना मिळाला? किती बाकी?’ अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. बाकी असणाऱ्यांत आपलंही नाव आहे, हे गावातल्या दोन शेतकऱ्यांना त्या कागदावरून कळलं.

म्हाताऱ्या माणसांनी अशी कामं करणं आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. गोविंदभाई श्रॉफ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात ते स्वामी रामानंद तीर्थांच्या बरोबरीनं लढले. (स्वामीजी आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवायचे, बरं का!) स्वातंत्र्य मिळालं म्हणून गोविंदभाई स्वस्थ बसले नाहीत. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या कामातून ते रेल्वेसाठी, पाण्यासाठी, उद्योगांसाठी सरकारपुढे मागण्या मांडत राहिले. मनमाड–औरंगाबाद मार्ग रुंद व्हावा, ही त्यांतलीच एक. १९११ सालचा जन्म आणि २००२ साली निधन. मोजा बरं, किती वर्षांचं आयुष्य!

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय त्या रेल्वेचं? शेजारच्या लातूरचं उदाहरण बघा. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात तिथं प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्याच खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर! लातूरला रूळ होते, म्हणून पाणी येऊ शकलं. आपलं सीताफळ घ्या. पिकलं की दोन दिवसांत मऊ पडतं. लांबच्या बाजारात ते लवकर पोचलं तरच पैसे होतात. शिकायला, दवाखान्याला, कामाला बाहेर जाणारी माणसं तर घरोघरी आहेत.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तात्यांना विचारलं, “तात्या, तुम्हांला रेल्वेनं कुठं जायचं होतं?”

तात्या जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला कुठंबी जायचं नव्हतं, बाळा. माझ्या थोरल्याला मुंबईहून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. रात्री एस.टी. वाटेत बंद पडली, नगरची गाडी हुकली, मुलाखत हुकली. त्याचं झालं ते झालं. पुढच्या लेकराची तरी हुकू नये.”

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. सकाळी आमच्या शाळेत झेंडावंदन झालं आणि तात्या नातवाच्या मोटारसायकलवर बसून बीडच्या स्टेशनवर गेले. पिशवी खांद्याला होतीच. पारावरच्या सातजणांपैकी तिघंच उरले होते. आमचे आबा २०१८ सालीच गेले. परत आल्यावर तात्या आमच्या दारात आले आणि आजीला म्हणाले, “वहिनी, गाडी आली.” आजीनं काही न बोलता चहा टाकला. कप मात्र दोन भरले. एक तात्यांचा, एक आबांच्या फोटोपुढं.

गोष्ट इथं संपली असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी तात्या शाळेत हजर! “बाई, बीडच्या पुढं परळीपर्यंतचा टप्पा राहिलाय. हात थरथरतोय माझा. चांगल्या अक्षराचं एक लेकरू द्या.”

चौथीतली एक मुलगी लिहायला बसली. तात्या सांगत होते, ती लिहीत होती. शेवटी तिनं आपल्या मनानं लिहिलं, ‘आमच्यावर कृपा करावी.’ तात्यांनी तिला थांबवलं. “ते खोड. ‘विनंती आहे’ असं लिही. कृपा देवाकडं मागायची. सरकारला विनंती करायची, आणि उत्तर मागायचं.”

मुलांनो, पंचवीस वर्षं नागरिकशास्त्राचं पुस्तक वाचलं तरी याहून नीट कुणी शिकवणार नाही!

या आठवड्याचा गृहपाठ : आपल्या आजी-आजोबांना विचारा, ‘तुम्ही सरकारकडे कधी काही मागितलं होतं का? काय झालं त्याचं?’ उत्तर वहीत लिहा. मग आपल्या गल्लीतली एक अडचण शोधा. बंद पडलेला हातपंप, विझलेला दिवा, काहीही. घरच्या मोठ्यांबरोबर बसून अर्ज लिहा. वर तारीख, नीट ‘विषय’, खाली नाव-पत्ता. दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका!

पालकांसाठी : १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरते. एकदा मुलांना बरोबर न्या, मागे बसवा, ऐकू द्या. आणि घरातले आजोबा कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर निघाले, तर ‘आता या वयात कशाला?’ असं म्हणू नका. सोबत एक नातवंड पाठवा.

पुढच्या आठवड्याचा शब्द : ‘गणसंख्या’. ग्रामसभा ‘तहकूब’ का होते, ते तेव्हा बघू!

— तुमच्या बाई