घरमालकाचा हिशेब



यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाला, मुलांची नाटुकली झाली, आणि चहाच्या टेबलाशी नेहमीचा विषय निघाला : भाडेकरू. आपल्या मंडळात आता घरटी नाही, तरी चार घरांमागे एकाकडे तरी भाड्याने दिलेलं एखादं घर आहे. कोणाचा भाडेकरू वेळेवर पैसे देत नाही, कोणाच्या भाडेकरूने सिंकमध्ये तेल ओतून नळ तुंबवला. बोलता बोलता गाडी सरकारवर आली. "हे सरकार फुकट्यांना पोसतं आणि आपल्यासारख्या कष्टाळू माणसांना पिळतं," असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या.

घरी येताना गाडीत मात्र आमच्या दोघांचं वाजलं. त्याचं कारण जुनं आहे. आमच्यापैकी एकाचं बालपण लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. दुसरीचं आजोळ पुण्याला सदाशिव पेठेत. आजोबांचा वाडा होता आणि वाड्यात सात बिऱ्हाडं. म्हणजे आमच्या संसारात एक भाडेकरू आणि एक घरमालक पहिल्या दिवसापासून नांदत आहेत. त्या रात्री जे बोलणं झालं ते मंडळींपुढे ठेवावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी आमचा हिशेब सांगतो. तो लपवून मतं मांडण्यात अर्थ नाही. 1998 साली आम्ही इथे न्यू जर्सीत दोन कुटुंबांचं एक जुनं घर घेतलं. वरच्या मजल्याचं भाडं 2019 साली 1,600 डॉलर होतं, खालच्याचं 1,500. वर्षाचे झाले 37,200. त्यातून बँकेचे हप्ते 16,800, प्रॉपर्टी टॅक्स 9,400, विमा 1,800, पाणी आणि किरकोळ दुरुस्त्या 4,000. उरले 5,200. पुढच्याच हिवाळ्यात बॉयलर गेला, त्याचे 6,800 झाले. म्हणजे दोन वर्षांच्या कमाईतला मोठा घास एका बॉयलरने खाल्ला.

हे वाचून पुष्कळजण म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो ना, यात काही उरत नाही! पण हिशेब अजून संपलेला नाही. त्या 16,800 च्या हप्त्यांतले निम्म्याहून जास्त पैसे मुद्दलात जात होते. म्हणजे दरमहा थोडं थोडं घर आमच्या नावावर होत होतं आणि ते पैसे भाडेकरू देत होता. शिवाय टॅक्सच्या फॉर्मवर आम्ही घसारा लावतो. भाड्याच्या घराची इमारत साडेसत्तावीस वर्षांत झिजून जाते असं इथला कायदा धरून चालतो. आमच्या इमारतीची किंमत जमीन सोडून 1,37,500 धरली, तर दरवर्षी उत्पन्नातून 5,000 डॉलर वजा होतात. घराची किंमत वाढते आहे आणि कागदावर ते झिजतं आहे. विकताना त्यातला काही भाग सरकार परत मागतं हे खरं. पण तोवर वर्षानुवर्षं ही सवलत आपण घेतो. तिला आपल्यापैकी कोणी "फुकट" म्हणत नाही.

आता कष्टांबद्दल. आम्ही एका वर्षी वहीत तास लिहून ठेवले. बर्फ काढणं, रंग देणं, प्लंबरची वाट बघत बसणं, रविवारी रात्री आलेले फोन, सगळं मिळून दीडशे तास भरले. 5,200 भागिले दीडशे म्हणजे तासाला सुमारे 35 डॉलर. आमचा प्लंबर याहून जास्त घेतो. तेव्हा "घरबसल्या उत्पन्न" म्हणून नव्या मंडळींना या धंद्यात ओढणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. हे काम आहे. आणि काम आहे म्हणूनच ते नीट करायला हवं, हे आमचं पहिलं मत.

दुसरं मत सरकारबद्दल, आणि इथेच आमची गाडीत जुंपली.

मार्च 2020 मध्ये करोना आला आणि राज्याने भाडेकरूला घराबाहेर काढण्याला स्थगिती दिली. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या सीडीसीनेही तसा हुकूम काढला. आमच्या खालच्या मजल्यावर पेरू देशातून आलेलं चौघांचं कुटुंब होतं. नवरा-बायको दोघं एका मेजवान्यांच्या हॉलच्या स्वयंपाकघरात कामाला. हॉल बंद झाला. सगळं मिळून सात महिन्यांचं भाडं थकलं, 10,500 डॉलर. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मात्र दर तिमाहीला ठरल्या दिवशी येत होतं.

आम्ही चिडलो होतो, हे कबूल करतो. सदाशिव पेठेची बाजू तेव्हा घरात फार मोठ्याने बोलत होती. "आजोबांचंही असंच झालं होतं. सरकारने दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म केला." यात तथ्य आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधून टाकलं. सात बिऱ्हाडांचे प्रत्येकी 12 रुपये म्हणजे महिन्याला 84 रुपये. कौलं शाकारायची म्हटली तर वर्षभराचं भाडं पुरत नसे. आजोबांनी दुरुस्ती सोडून दिली. एका पावसाळ्यात मागची भिंत आली. माणूस गेलं नाही, हे नशीब. पुढे बिल्डर आला, वाडा गेला, आणि घरमालकीण असलेल्या आजीच्या वाट्याला दोन खोल्या आल्या.

पण लालबागची बाजूही ऐकायला हवी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. पगार थांबला तो पुढे आलाच नाही. आईने आधी बांगड्या, मग भांडी गहाण टाकली. त्या दिवसांत खोलीचं भाडं 18 रुपये होतं, म्हणून ते कसंबसं भरता आलं. बाजारभावाने भाडं असतं तर आम्ही गावाला परतलो असतो. कॉलेज झालं नसतं, आणि आज न्यू जर्सीत बसून घरमालक म्हणून कुरकुर करायलाही आम्ही नसतो. तीच चाळ पुढे टेकूंवर उभी राहिली, हेही त्याच कायद्याचं फळ.

एकाच कायद्याने एक घर तगवलं आणि एक वाडा पाडला. दोन्ही खरं आहे. दोघांपैकी कोणीच "फुकट्या" नव्हतं. चूक होती ती अशी, की सरकारने गरजू माणसाला आधार द्यायचं ठरवलं आणि त्याचं बिल कायमचं शेजारच्या माणसाच्या नावावर फाडलं. सर्वोच्च न्यायालयानेच 1997 साली गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद वाजवी राहिली नसल्याचं म्हटलं, आणि 1999 च्या नव्या कायद्यात दरवर्षी 4 टक्के वाढ आली. तोवर पन्नास वर्षं गेली होती.

इथे मात्र, उशिराने का होईना, बरं घडलं. डिसेंबर 2020 आणि मार्च 2021 च्या दोन कायद्यांनी मिळून केंद्राने भाड्याच्या मदतीसाठी सुमारे 46.5 अब्ज डॉलर दिले. आमच्या भाडेकरूंचा अर्ज आम्ही त्यांच्याबरोबर बसून भरला. कागद दोनदा परत आले, फोन तासन्‌तास लागले नाहीत, पण अखेर सहा महिन्यांचे 9,000 आले. केंद्राचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 26 ऑगस्ट 2021 ला रद्द केला; राज्याची स्थगिती बहुतेकांसाठी त्या वर्षाअखेर संपली. तोवर आमचा प्रश्न सुटला होता. उरलेले 1,500 सोडून द्यायला आम्ही तयार होतो. त्या बाईंनी ऐकलं नाही. दरमहा भाड्याच्या पाकिटात शंभरची एक नोट जास्त ठेवून पंधरा महिन्यांत त्यांनी ते फेडले. शेवटच्या पाकिटाबरोबर डबाभर घरचा केक होता.

आणखी एक. त्याच 2020 साली केंद्राची हमी असलेल्या कर्जांचे हप्ते लांबवण्याची सवलत होती. एक ते चार कुटुंबांच्या भाड्याच्या घरांनाही ती होती. आपल्यापैकी काहींनी ती घेतली. आम्ही त्यांना दोष देत नाही, ती त्यांच्यासाठीच होती. पण मग चहाच्या टेबलाशी "फुकटे" हा शब्द जपून वापरावा.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. अडचणीच्या काळात भाडेकरूला घरात राहू द्यावं, ही सरकारची भूमिका बरोबर. पण त्याचे पैसे सगळ्यांच्या करातून आणि वेळेवर यावेत. भाडेकरूला न काढण्याचा हुकूम एका दिवसात निघतो आणि मदतीला वर्ष लागतं, याबद्दल आपण आपल्या आमदारांना लिहायला हवं. प्रॉपर्टी टॅक्सबद्दलही लिहावं. 2024 साली या राज्याचं सरासरी बिल 10,000 डॉलरच्या वर गेलं. मात्र त्या बिलातला मोठा हिस्सा शाळांना जातो, आणि आपण घर घेताना आधी शाळाच बघतो, हेही लक्षात असू द्यावं.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टी.

एक. "फक्त महाराष्ट्रीय कुटुंबास" अशा जाहिराती बंद करूया. धर्म, वंश किंवा मूळ देश पाहून भाडेकरू हवा असं छापणं 1968 च्या केंद्रीय कायद्याने मना आहे, मालक त्याच घरात राहत असला तरी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपण नवीन आलो तेव्हा आडनाव ऐकून "खोली गेली" असं कोणी सांगितलं की काय वाटायचं, ते आठवावं.

दोन. डिपॉझिट हे आपलं उत्पन्न नव्हे. इथे ते दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, व्याजाच्या वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं, आणि घर सोडल्यापासून 30 दिवसांत हिशेबासह परत करावं लागतं. "भिंतीला खिळे होते" म्हणून सगळं गिळणारे महाभाग आपल्यातही आहेत.

तीन. 1978 पूर्वीचं घर असेल तर शिशाच्या रंगाची तपासणी करून घ्यावी. 2022 पासून राज्यात ती सक्तीची आहे. खर्च होतो, पण रांगणारं मूल त्या घरात असतं.

चार. भाडं दरवर्षी थोडं वाढवावं. पाच वर्षं भिडेखातर गप्प राहून सहाव्या वर्षी एकदम चारशेने वाढवणं हा चांगुलपणा नाही. आजोबांच्या वाड्याने आम्हाला एवढं शिकवलं.

पाच. राज्याने 2022 साली सुरू केलेल्या अँकर योजनेत भाडेकरूंसाठीही रक्कम ठेवलेली होती. अशा योजनांची माहिती आपल्या भाडेकरूला आपण द्यावी. आपलं काही जात नाही.

गाडीतलं भांडण घराच्या दारापर्यंत मिटलं नव्हतंच. अजूनही पूर्ण मिटलेलं नाही. वरच्या मजल्याचा करार येत्या जूनमध्ये संपतो आहे, आणि भाडं किती वाढवायचं यावर घरात लालबाग आणि सदाशिव पेठ पुन्हा समोरासमोर आहेत. बहुधा मध्येच कुठेतरी थांबू.

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं. घरमालकांनी तर लिहावंच, पण आपल्या मंडळात भाड्याने राहणारीही पुष्कळ कुटुंबं आहेत. चहाच्या टेबलाशी ती गप्प असतात. त्यांचं म्हणणं या पानांवर वाचायला आम्हाला जास्त आवडेल.