घरी न्या, सेवा करा

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहायचा. मेंदूचा आजार, बरा न होणारा. अकराव्या वर्षी त्याचं अंग इतकं ताठ व्हायचं की नुसता शर्ट बदलायला त्याची आई शेजारच्या काकूंना हाक मारायची. रात्री तो ओरडायचा. गॅलरीत झोपणारे आम्ही कूस बदलायचो. सकाळी नळावर त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं होतं, ‘आता काही करण्यासारखं नाही. घरी न्या, सेवा करा.’

हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे वाक्य कुठल्या एका हॉस्पिटलचं नाही. तुमच्याही नात्यात कुणीतरी ते ऐकलं असेल. मला त्याचा राग आहे. त्याचा पहिला अर्धा भाग खोटा आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात सगळं ओझं आईच्या डोक्यावर ठेवलेलं आहे.

करण्यासारखं बरंच असतं. बोलता न येणारं मूल ओरडतं त्याचं कारण बद्धकोष्ठ असू शकतं, किडलेली दाढ असू शकते, निखळलेला खुबा असू शकतो. अंगाचा ताठरपणा कमी करणारी औषधं आहेत. वेदना मोजताही येते. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे आणि दहापैकी बेरीज करायची. शिकवलं तर आईसुद्धा करू शकते. तिला कुणी शिकवलं नाही. ‘सेवा करा’ म्हणाले. तिने पोळीभाजी केंद्रातली नोकरी सोडली आणि सेवा केली.

या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होवो न होवो, दुखणं, धाप, उलट्या, भीती यांवर उपचार करायचे आणि घरच्यांनाही सांभाळायचं. लोकांना वाटतं ही शेवटच्या आठवड्याची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या बाबतीत ती निदानाच्या दिवसापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेच सुरू व्हावी. 2017 च्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे 25 लाख मुलं गंभीर यातना सोसत मरतात, आणि त्यांतली 98 टक्क्यांहून जास्त विकसनशील देशांत.

‘हे परदेशात ठीक आहे’ म्हणू नका. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्यातच सुरू झालं. परळच्या टाटा हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे. 2010 नंतर महाराष्ट्रात खास मुलांसाठी प्रकल्प चालला, मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात आणि तिकडे आदिवासी भागातल्या जव्हारलाही. 2014 मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली आणि तिच्या जाहीरनाम्याला ‘मुंबई’चंच नाव मिळालं. म्हणजे काय करायचं ते या शहराला ठाऊक आहे. पण प्रकल्पाला मुदत असते आणि देणगीदाराला मर्जी असते. शिवाय आपल्याकडे ही सेवा कॅन्सरच्या आधाराने वाढली. मेंदूचे, स्नायूंचे, जन्मजात आजार असलेली मुलं तिच्या कडेला उभी राहतात.

पैसे नाहीत हे कारण मी ऐकून घेणार नाही. तोंडाने घ्यायचं मॉर्फीन हे महागडं औषध नाही. त्याची अफू आपल्याच देशात, सरकारी परवान्यावर पिकते आणि नीमच, गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. कायद्याची कटकट होती, ती 2014 च्या दुरुस्तीने बरीच कमी झाली. केरळमध्ये 1993 साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गल्लीगल्लीत स्वयंसेवक तयार झाले आणि 2008 मध्ये राज्याने धोरण केलं. आपल्याकडे तर देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आहे.

आता आपल्याबद्दल. आजारी मुलाचा फोटो आला की आपण ‘लढवय्या’ लिहून पुढे पाठवतो. ऑपरेशनला पैसे जमतात. जे मूल बरं होणारच नाही, त्याच्या रात्रीच्या झोपेसाठी कुणी पैसे मागत नाही आणि कुणी देतही नाही. मुलासमोर विषय काढणं म्हणजे हार मानणं, असं आपल्याला वाटतं. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या पालकांना विचारलं गेलं. 2004 मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलाशी मरणाबद्दल बोललेल्या 147 पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या 258 पैकी 69 जणांना होता.

आमच्या चाळीत दयेची कमतरता नव्हती. पोरं त्याला उचलून तीन जिने उतरवायची. मंडळाने व्हीलचेअर दिली. लालबाग, गिरगाव, दादरची मंडळं रुग्णोपयोगी साहित्य देतातच. तो गणपतीत गेला, तेव्हा मंडळाने दोन दिवस स्पीकर बंद ठेवला. नव्हती ती एक प्रशिक्षित नर्स, आठवड्यातून एकदा जिना चढणारी, आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा एक फोन.

मागणी एवढीच आहे. पालिकेच्या प्रत्येक वॉर्डात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरसाठी घरी जाणारी नर्स हवी, कायम पगारावर. तिच्यामागे बालरोगतज्ज्ञ हवा, मॉर्फीन हवं. आणि ‘घरी न्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्या नर्सचा नंबर कागदावर लिहून द्यायला हवा. नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा गटार आणि पार्किंगच्या जोडीला हेही विचारा.

त्याची आई अजून तिथेच राहते. जिन्यात भेटली की कधीकधी विचारते, ‘त्याला नक्की कुठे दुखत होतं रे?’

मी काय सांगणार? पण वेळेवर कुणी तपासायला आलं असतं, तर तिला उत्तर मिळालं असतं.