तारिक अझीझ : हुकूमशाहीचा सभ्य चेहरा

१/७
९ जानेवारी १९९१, जिनिव्हा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी अध्यक्ष बुश यांचे सद्दाम हुसेन यांना लिहिलेले पत्र पुढे केले. इराकचे परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनी ते वाचले. ही भाषा राष्ट्रप्रमुखाला उद्देशून योग्य नव्हे, असे सांगून नाकारले. आठच दिवसांत बगदादवर बॉम्ब पडू लागले.

२/७
अझीझ यांचा जन्म १९३६ सालचा, मोसुलच्या परिसरातील खाल्डियन ख्रिस्ती कुटुंबातला. मूळ नाव मिखाइल युहन्ना. बगदादमध्ये इंग्रजीचे शिक्षण, पुढे पत्रकारिता आणि बाथ पक्षाच्या ‘अल्-थौरा’ या मुखपत्राचे संपादकपद.

३/७
सद्दाम यांच्या निकटच्या वर्तुळात तिक्रितच्या आप्तांचा भरणा होता. अझीझ यांच्यामागे ना टोळी होती, ना सैन्य. ते कधीच प्रतिस्पर्धी होऊ शकत नव्हते. हे दुबळेपणच त्यांची सर्वांत मोठी पात्रता ठरले.

४/७
१९८३ ते १९९१ ते परराष्ट्रमंत्री होते. १९६७ मध्ये तुटलेले अमेरिकेशी राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९८४ मध्ये पुन्हा जुळले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पाश्चात्त्यांना त्यांच्यात ‘आपल्या भाषेत बोलणारा’ माणूस दिसला.

५/७
त्याच काळात, मार्च १९८८ मध्ये, हलब्जा येथे विषारी वायूने हजारो कुर्द मारले गेले. तरीही राजवटीची बाजू जगापुढे मांडण्याचे काम अझीझ करीत राहिले.

६/७
‘ते केवळ प्रवक्ते होते’ हा बचाव टिकत नाही. ते सर्वोच्च सत्ता असलेल्या क्रांतिकारी परिषदेचे सदस्य होते. १९९२ मध्ये नफेखोरीच्या आरोपाखाली ४२ व्यापाऱ्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्या प्रकरणी २००९ मध्ये न्यायालयाने अझीझ यांना १५ वर्षांची शिक्षा सुनावली.

७/७
२०१० मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली, परंतु स्वतः कुर्द असलेले अध्यक्ष जलाल तालबानी यांनी त्या आदेशावर सही करण्यास नकार दिला. ५ जून २०१५ रोजी अझीझ कैदेतच वारले. तालबानींचा तो संयम गौरवास्पदच. पण दया म्हणजे निर्दोषत्व नव्हे. जुलमी सत्तेला केवळ जल्लाद पुरत नाहीत. जल्लादाच्या कृत्याला सभ्य शब्द पुरवणारा सुशिक्षित माणूसही तिला लागतो, आणि इतिहासाने त्याचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडला पाहिजे.