खोलीस अर्धे दार

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या घरी एक पेच उभा राहिला. माझे सासरे अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेले, आणि त्याच घरात नुकतीच पावले टाकू लागलेली नात. आजोबांच्या उशाशी औषधांच्या बाटल्या, काचेचा पेला, गरम पाण्याची पिशवी. बाळाचा हात तेथे पोहोचू नये म्हणून खोलीचे दार दिवसभर लावून ठेवण्याची आम्हांस सवय लागली. बाळ सुरक्षित राहिले खरे. परंतु बाहेर कोण आले, कोण गेले, हे सासऱ्यांना केवळ आवाजावरून ताडावे लागे. पुढे पुढे तर त्यांनी विचारणेही सोडून दिले.

यावर एक जुना व साधा उपाय आहे. दार आडवे कापून त्याचे दोन स्वतंत्र भाग करावयाचे. खालचा लावून ठेवावयाचा, वरचा उघडा. हॉलंडमधील शेतकऱ्यांच्या घरांना सतराव्या शतकात अशी दारे असत. गुरे-कोंबड्या बाहेर राहात, लेकरे आत राहात, आणि उजेड व वारा मात्र घरात खेळे. इंग्रजीत आजही अशा दारास ‘डच डोअर’ म्हणतात.

त्यासाठी नवे दार करावे लागत नाही. मात्र असलेले दार कोणत्या बनावटीचे आहे, हे प्रथम पाहावे. सागवानी चौकटीत फळ्या बसविलेले जुने दार असल्यास, मध्ये जो रुंद आडवा दांडा असतो त्याच्याच मधून कापावे; म्हणजे दोन्ही भागांस भक्कम कड मिळते. फळीवरून करवत चालविली तर दाराचा सांगाडाच खिळखिळा होतो. प्लायवूडचे आतून पोकळ दार असेल, तर कापल्यावर उघड्या पडलेल्या पोकळीत मापाची लाकडी पट्टी सरस लावून बसवावी. कुलूप मध्ये येत असल्यास ते आधी काढावे. खालचा भाग सुमारे 100 सेंटिमीटर उंच असावा. दोन वर्षांचे मूल साधारण 85 सेंटिमीटरचे असते.

आता बिजागऱ्यांविषयी. प्रत्येक भागास दोन, अशा चार बिजागऱ्या लागतात, आणि त्या दार कापण्यापूर्वी, ते अखंड असतानाच चौकटीवर बसवून घ्याव्यात. मी नेमके उलटे केले. आधी दार कापून घेतले, मग बिजागऱ्या ठोकल्या. वरचा भाग नखभर कलला आणि खालच्यावर घासू लागला. सुतारास पुन्हा बोलवावे लागले, व त्याचे स्मितहास्यही सोसावे लागले!

दोन भागांमधील फट झाकण्यास वरच्या भागाच्या खालच्या कडेवर एक पट्टी ठोकतात. दार ज्या बाजूस उघडते त्याच बाजूने ती असावी. विरुद्ध बाजूस ठोकल्यास वरचा भाग एकटा उघडतच नाही. आमचे दार खोलीत उघडते, म्हणून पट्टी आतून आहे. खालच्या भागाची कडीही आतूनच, पट्टीच्या थोडी खाली लावली. मोठ्या माणसास ती वरून हात घालून काढता येते, बाहेर उभ्या बाळास नाही. दोन्ही भाग एकत्र जोडणारी छोटी उभी कडी मात्र बाहेरून बसवावी. तीही आतून असती, आणि आत केवळ रुग्ण असता, तर बाहेरच्यांस दार उघडणे अशक्य झाले असते. याच कारणास्तव खालच्या भागास कुलूप लावण्याची कल्पना कोणी सुचविली तर ती साफ नाकारावी. आजारी मनुष्य हा कैदी नव्हे.

वरचा भाग उघडा असताना भिंतीस आकड्याने अडकवावा. वाऱ्याने तो आपटला तर बोटे सापडण्याची भीती असते. लहानांचीच नव्हे, दारावर हात टेकून बोलत उभे राहणाऱ्या थोरांचीही. कापलेल्या कडांस त्याच दिवशी रंग द्यावा, कारण तेथून लाकूड ओल शोषते व पावसाळ्यात फुगते. खालच्या भागावर कित्येक जण फळी ठोकून घेतात. मला ती पसंत नाही; फळी दिसली की कोणीतरी त्यावर गरम चहाचा पेला ठेवणारच.

एक गोष्ट आमच्या हिशेबात आली नव्हती. खाटेवरून सासऱ्यांना आता येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे दिसतात, नात मात्र दाराआड झाकलेलीच राहते. ती पलीकडून दारावर थापा मारते, ते हाक देतात, आणि मग हातातले काम टाकून कोणीतरी तिला उचलून वर धरतो.