नांवाचा मान आणि माणसाचा मान

अमेरिकेंतील मुलग्यांच्या नांवांची सरकारी गणना पाहिली, तर १९६१ पासून १९९८ पर्यंत 'मायकेल', पुढें २०१२ पर्यंत 'जेकब' आणि २०१३ ते २०१६ या वर्षांत 'नोहा' हें नांव अग्रस्थानीं आढळतें. हीं तिन्ही नांवें मूळचीं हिब्रू. यावरून, यहुदी परंपरेविषयीं जगांत आदर वाढत असल्याचें अनुमान कित्येक जण मोठ्या उल्हासानें काढतात. हें अनुमान आम्हांस साफ चुकीचें वाटतें.

इंग्लंडचा इतिहास पाहावा. तेथील प्युरिटन पंथीयांनीं संतांचीं नांवें टाकून जुन्या करारांतील नांवें मुलांस ठेवण्याचा सपाटा लावला, तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. पण त्या देशानें १२९० सालींच यहुद्यांस हद्दपार केलें होतें, आणि सुमारें १६५६ पर्यंत त्यांस तेथें उघडपणें राहण्याची मुभा नव्हती. आयझॅक न्यूटन जन्मला १६४२ सालीं. म्हणजे पाळण्यांत आयझॅक होता. दारांत खरा इत्झाक येता, तर त्यास थारा नव्हता!

जर्मनींत याच्या उलट घडलें. १९३८ च्या ऑगस्टांत असा हुकूम निघाला कीं, ज्या यहुद्याचें नांव सरकारी यादींतील ठराविक नांवांपैकीं नसेल, त्यानें पुरुष असल्यास 'इस्राएल' व स्त्री असल्यास 'सारा' हें नांव जानेवारी १९३९ पासून आपल्या नांवास जोडावें. एके ठिकाणीं जो अलंकार, तोच दुसऱ्या ठिकाणीं डाग ठरला.

कोणी म्हणेल, आजचे आईबाप केवळ नाद आवडला म्हणून नांव ठेवतात. खुशाल ठेवावें, शब्दावर कोणाची मालकी नसते. आमचा आक्षेप नांव घेण्यास नाहीं. त्या घेण्यास आदराचें प्रशस्तिपत्र देण्यास आहे.

आदर पाहावयाचा तर कोंकणांत यावें. बेने इस्राएलांचा शमुएल येथें सामाजी झाला, यहेज्केल हसाजी झाला. १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान बांधणारे गृहस्थ म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. तानाजी-येसाजींच्या नांवांतला 'जी' तोच हा! शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पण त्या शनिवारापायीं त्यांचा छळ झाल्याचें नमूद नाहीं. पुढें इंग्रजी शाळांतून 'सॅम्युअल' आला आणि सुशिक्षितांस सामाजी अपभ्रष्ट वाटूं लागला. जणूं सॅम्युअल हा शमुएलचा अपभ्रंशच नव्हे!

शिवाय नांवाचें शुद्ध रूपही माणसास तारीत नाहीं. १९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. जेथें हिब्रू नांवांचा सुकाळ, तेथेंच १९६२ सालीं धर्मपीठानें विवाहापूर्वीं त्यांच्या वंशाची चौकशी लावली. १९६४ सालीं संसदेनें त्यांचा समान दर्जा स्पष्ट केला खरा, पण तो त्यांनीं झगडा केल्यावर.

तेव्हां नांवांच्या याद्यांवरून समाजासमाजांतील स्नेह मोजणारांस आमची विनंती एवढीच कीं, पाळण्यांतील नांवाचें कौतुक करण्यापूर्वीं, त्या नांवाच्या मूळ धन्यास शेजारीं घर मिळतें कीं नाहीं, याची आधीं विचारपूस करावी.