हिट गाणं वगळून

दौऱ्याचा लाइव्ह अल्बम म्हटला की त्यात काय असणार, हे आपण आधीच धरून चालतो. गाजलेली गाणी, टाळ्या-शिट्ट्या आणि मधूनच गायकाचं ‘आता तुम्ही म्हणा!’ हॉकविंड या ब्रिटिश बँडचा ‘स्पेस रिच्युअल’ लावला की हा हिशेब चुकतो.

१९७२ मध्ये त्यांचं ‘सिल्व्हर मशीन’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. फुकट कार्यक्रम करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या या मंडळींच्या हाती पैसा आला आणि त्यांनी तो दौऱ्यात ओतला. लिक्विड लेनची प्रकाशयोजना, स्टेशियाचं नृत्य, बार्नी बबल्सची रंगमंचसजावट. कल्पना कवी रॉबर्ट कॅल्व्हर्टची: गोठवलेल्या झोपेतल्या अंतराळप्रवाशांना पडणारी स्वप्नं. डिसेंबरात लिव्हरपूल आणि लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये ध्वनिमुद्रण झालं, मे १९७३ मध्ये दोन तबकड्यांचा संच बाजारात आला. ज्या गाण्याच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं, ते ‘सिल्व्हर मशीन’ मात्र त्यात नाही!

ते तिथे बसलंही नसतं. या अल्बमला सुटी गाणी मानवतच नाहीत. एक संपतंय तोवर डिक मिक आणि डेल डेटमार यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची घरघर सुरू होते, तिच्यावर कॅल्व्हर्टचं कवितावाचन, आणि त्यातूनच पुढचं गाणं उसळतं. ‘सॉनिक अटॅक’ तर सरकारी आपत्कालीन सूचनांची भेसूर नक्कल. शब्द मायकेल मूरकॉक या विज्ञानकथाकाराचे. खाली बँडमधल्या लेमीचा बास गिटार. मूळचा गिटारवाला असल्यामुळे तो बासवरही बिनदिक्कत कॉर्ड छेडतो. ‘ब्रेनस्टॉर्म’मध्ये एकच सुरावट इतका वेळ घुमते की पहिल्यांदा ऐकणारा वैतागेल. पण एकाच नामावर तासभर रंगणारं भजन ऐकलेल्या कानांना हा चढत जाणारा कैफ नवा नाही.

प्रकाश आणि नृत्य तबकडीत उतरत नाहीत, ही उणीव खरीच. ती भरून काढायला बबल्सने उलगडत मोठं होत जाणारं, चित्रांनी भरलेलं वेष्टन केलं. एवढा आडमुठा अल्बम ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला.

फर्माईश डावलणारे कलावंत पुष्कळ असतात. त्यातल्या अनेकांना कुणी फर्माईश केलेलीच नसते. हॉकविंडकडे लोकांना हवं असलेलं गाणं होतं, ते विकलंही जात होतं. त्यांनी त्याची कमाई घेतली, पण कैद नाही. म्हणून त्यांचा हट्ट मला खरा वाटतो.